ढेकीवरचे दोन पाय

बायको गेली, तिच्या पुण्यानुमोदनाला लोक जमले होते. वंदना झाली, जेवणं झाली, आणि मग मांडवात बसून लोक बोलत राहिले, जसे अशा वेळी बोलतात. एकानं म्हटलं, बाई नशीबवान होती, शेवटपर्यंत आपल्या पायावर हिंडली, कोणाला तिचं काही करावं लागलं नाही. बाकीच्यांनी माना हलवल्या. मी तिथंच खांबाला टेकून बसलो होतो. मला राग आला. शेवटचं दवाखान्यात नेलं त्या दिवशी छातीत कफ दाटला होता, ताप होता, तरी बैलबंडीपर्यंत ती स्वतः चालत गेली, हे खरं आहे. पण त्यात नशिबाचं काय आहे? ते पाय तिनं कसे परत मिळवले ते मी पाहिलं आहे. तेव्हा काही बोललो नाही. बोललो असतो तर रडू आलं असतं, आणि मला नीट रडताही येत नाही, मधेच खोकला लागतो.

म्हणून लिहून ठेवतो. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचा सगळा जन्म जंगलखात्याच्या डेपोवर लाकडं चढवण्या-उतरवण्यात गेला. लिहिताना चुका होतील. खोटं मात्र लिहिणार नाही.

आमचा जिल्हा तोडून गडचिरोली वेगळी केली, त्याच्या नंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. गाव आमचं पोंभुर्ण्याच्या अंगाला, जंगलाच्या कडेला. थोडी धानाची शेती, बाकी मजुरी. मी डेपोतून नुकताच मोकळा झालो होतो. बायको साठीच्या आसपास असेल. तिच्या जन्माची नोंद कुठं नव्हती, आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं.

तिची चाल सांगतो. रोवण्याच्या दिवसांत पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, ओल्या पेंढ्या डोक्यावर घेऊन ती बांधीच्या धुऱ्यावरून जायची. धुरा म्हणजे शेताचा बांध, केवढा तर एक पाऊल मावेल एवढा, वरून गुळगुळीत चिखल, दोन्ही बाजूंना गुडघाभर पाणी. पायाची बोटं ती चिखलात अशी रोवायची की मागं खड्डे दिसायचे. मी दणकट माणूस, पण धुऱ्यावर कितीदा आपटलो. ती कधी नाही. ती मागं वळून म्हणायची, लाकडं उचलणं सोपं हाये, चालणं शिका.

अशी बाई पडली ती घरात. पोळ्याच्या आधीचे दिवस. सुनेनं सगळं घर शेणानं सारवून घेतलं होतं. चांगलं चकचकीत, ओलं. बायको विहिरीवरून भरलेला गुंड, म्हणजे पितळी घागर, कमरेवर घेऊन आली. बाहेर कडक ऊन, आत अंधार. उंबरा ओलांडला, डोळ्यांपुढं काळोखी आली आणि पाय सारवणावर सरकला. ती बाजूला कोसळली, गुंड घरंगळत चुलीपर्यंत गेला. मी धावलो. ओरडली नाही. पहिलं काय विचारलं, तर गुंड चेपला का. मग म्हणाली, मले उचला, हा पाय माह्या म्हणण्यात नाई.

बंडीनं सडकेवर आणलं, तिथून एसटीनं चंद्रपूरला. डॉक्टरनं फोटो काढून दाखवला. कमरेच्या खालचं हाड तडकलं होतं, पण जागेवरून हललं नव्हतं. तेवढं बरं. पडून राहायला सांगितलं. धानाला लोंब्या आल्या तेव्हा परत नेलं, तर डॉक्टर म्हणाला हाड जुळलं, आता हिला उभी करा, रोज थोडं चालवा, बसवून ठेवाल तर बसूनच राहील. चांगला माणूस होता. दोनदा समजावून सांगितलं. आम्ही माना हलवल्या आणि घरी येऊन अगदी उलटं केलं.

यात कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. आमच्याकडं रीतच तशी आहे. जन्मभर कष्ट केलेल्या मायला म्हातारपणी पोरगा बाजेवर बसवतो, हातात ताट देतो, हीच त्याची इज्जत. गावातली माणसं कौतुकानं सांगतात, पोरगा असावा तर असा, मायले खाली पाय ठेवू देत नाही. माझ्या पोरानं ओसरीत बाज टाकली. सून भली पोर. तिनं पाणी हातात दिलं, चहा हातात दिला, केससुद्धा विंचरून दिले. सासूनं पाखडायला सूप मागितलं तर म्हणायची, राहू द्या आई, मी करतो, तुमी बसा. बायको बसली. काही दिवस तिलाही बरं वाटलं असेल.

बाज जुनी होती. दोरी ढिली पडून मधे झोळी झालेली. त्यात माणूस बसला की गुडघे छातीशी यायचे आणि उठायला दुसऱ्याचा हात लागायचा. धान कापणीला आलं तोवर बायकोच्या पायांच्या तुराट्या झाल्या होत्या. भिंत धरून चार पावलं टाकायची आणि थांबायची. दुखतं का विचारलं तर म्हणायची दुखत नाही. मग काय होतं? तर म्हणे, जमीन आपली वाटत नाही. धुऱ्यावरून डोक्यावर भार घेऊन जाणारी बाई आता सपाट अंगणात खाली बघत बघत चालायची, जणू कोणी तिच्या वाटेत काही टाकून ठेवलं आहे.

आता एक गोष्ट लिहितो. ती लिहायची पद्धत नाही, पण ती सोडली तर बाकीचं लिहून उपयोग नाही. गावात तेव्हा कोणाच्याच घरी संडास नव्हता. गड्यांची बाजू सडकेकडं, बायांची बाजू बोडीच्या पलीकडं. बोडी म्हणजे आमचं लहान तळं. तिकडं गडी माणूस पाय ठेवत नाही. बाया पहाटे घोळक्यानं जातात. बायकोला आता एका बाजूनं सून धरायची, दुसऱ्या बाजूनं शेजारची बाई. बसवायला दोघी, उठवायला दोघी. कापणीचे दिवस, दोघींनाही वावरात जायची घाई, सुनेचं तान्हं पोर घरात रडतंय. त्या कधी बोलल्या नाहीत, पण थांबलेल्या माणसाची घाई न बोलताही कळते. मी नवरा, पण मी तिला नेऊ शकत नव्हतो. बोडीच्या या अंगालाच माझी हद्द संपत होती.

बाजेजवळ पाण्यानं भरून ठेवलेला गडवा संध्याकाळी तसाच भरलेला दिसायला लागला. आधी मी लक्ष दिलं नाही. मग चहा नको, मग भाताचा घास अर्धा. उठवलं की घेरी यायची. ओठ सुकलेले. एक दिवस घरात आम्ही दोघंच होतो, तेव्हा मी बसून विचारलं, काऊन पाणी पित नाईस? तिनं तोंड फिरवलं. मग म्हणाली,

“पाणी पेलं का बाहीर जा लागते. बाहीर जाले दोन बाया लागते. मी का नवरी हाओ, दोघीनं धरून न्याले?”

मी हसलो, कारण बोलणं तिचं तसंच होतं. ती हसली नाही.

“मले माह्या पायानं एकटीनं जाऊ द्या,” ती म्हणाली. “बाकी कायी नोको मले. नाईतर मले इथी या बाजेवर ठेवू नका. कुठी तरी नेऊन टाका.”

एवढं तिनं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. लग्नात नाही, नंतरही नाही.

पोराला सांगितलं तर तो बिचारा लगेच कामाला लागला. सांदवाडीत, म्हणजे घराच्या मागच्या आवारात, खड्डा खणला, बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा केला, वर झाकण. छान केलं होतं. बायको धरून धरून तिथं गेली, सगळं पाहिलं, पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. मला आत येऊन म्हणाली, ताप असला त्या दिवशी जाईन. रोज नाही. आज सांदवाडीत गेली तर उद्या बाजेवरच करा लागन. तिला जो उतार दिसत होता तो आम्हाला दिसत नव्हता.

आमच्या कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, ढेकी पडून होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लांब, जड लाकूड मधे आडव्या कण्यावर ठेवलेलं असतं. एका टोकाला मुसळ, खाली जमिनीत उखळ. दुसऱ्या टोकाशी उभं राहून पायानं दाबलं की मुसळ वर जातं, पाय उचलला की उखळातल्या धानावर पडतं. दाबणारीला धरायला छातीएवढ्या उंचीवर आडवा बांबू असतो. एक पाय जमिनीवर, एक पाय ढेकीवर. शेजारच्या गावात धान गिरणी आली तेव्हापासून आमच्या ढेकीवर कोंबड्या बसत होत्या आणि वर तणस, म्हणजे धानाचं वाळलेलं काड, रचलेलं होतं. पोरगा दोनदा म्हणाला होता की फोडून जळण करू.

कापणी संपून धान घरात आलं होतं. थंडीचे दिवस. सकाळी उन्हात बसली असताना बायको मला म्हणाली, ढेकीवरचं तणस काढा. मी म्हटलं, काऊन? कांडाचं हाये, ती म्हणाली. मी विचारलं, कोण कांडीन?

“मी आन तुमी.”

मला वाटलं थट्टा करते आहे. आमच्याकडं गडी माणूस ढेकीवर पाय ठेवत नाही, ते बायांचं काम. बरं, ही बाई भिंत सोडून उभी राहू शकत नाही. मी तसं म्हटलं. तिनं सगळं विचार करून ठेवलं होतं. म्हणाली, चालताना धराले कायी भेटत नाही, म्हणून जीव भेतो. ढेकीवर दोन्ही हातांनी बांबू धरलेला असतो, माणूस पडणार कुठं? आणि पायात जोर यायचा तर पायावर भार पडल्याशिवाय येईल का? एकटीनं लाकूड दबणार नाही. म्हणून तुम्ही पाहिजे. शेजारणीला बोलावलं तर उद्या तिचं काम राहील. तुम्ही तर रिकामेच आहात.

रिकामा होतो हे खरं.

मी तणस काढलं, कोंबड्या हाकलल्या, कण्याला टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल दिलं. जुना बांबू किडका झाला होता, नवीन तोडून आणला, तिच्या छातीच्या मापानं बांधला, आणि स्वतः त्याला लोंबकळून पाहिलं. माझ्या वजनाला धरला तर तिच्याला धरेलच. उभं राहायच्या जागेवर सारवण होतं, ते खरवडून मुरूम घातला. सुनेला सांगितलं की यापुढं घर एका दिवशी सगळं सारवायचं नाही, आज अर्धं, उद्या अर्धं, कोरड्या अंगानं वाट राहिली पाहिजे. तिला ते विचित्र वाटलं, पण तिनं केलं. बाजेच्या पायथ्याची दोरी मी सोडून परत ताणली, अशी की वर मूठ मारली तर ढोलासारखी वाजेल. त्याच दिवशी बायको पहिल्यांदा हाताशिवाय बाजेवरून उठली. दोन झटके घेऊन उठली, पण उठली.

पहिल्या दिवशी ती ढेकीजवळ नुसती बांबू धरून उभी राहिली. पाय लटपटत होते, बांबू कुरकुरत होता. ढेकीवर पाय ठेवला तर लाकूड हललंही नाही. मी शेजारी उभा राहिलो आणि दोघांनी मिळून पाय दाबला. मुसळ वर गेलं आणि पडलं. तो आवाज घरात फार दिवसांनी झाला. सून आतून धावत आली, काय पडलं म्हणून. थोड्याच वेळात बायको घामेजली. बसली, परत उठली, परत दाबलं. मी म्हटलं आता पुरे. ती म्हणाली, उखळात धान टाका, रिकामी ढेकी मी मारत नसतो. हे तिचं शेवटपर्यंत राहिलं. नुसते पाय हलव म्हटलं असतं तर तिनं हलवले नसते. कांडायला सांगा, पाखडायला सांगा, तर दिवसभर उभी राहील.

पोरगा चिडला. त्याला खरंच लागलं होतं. लोक काय म्हणतील, मायला मोडक्या पायानं ढेकीवर उभी केली, सुनेला काय हात नाहीत का, असं सगळं तो मला बोलला, तिला नाही. तिनं आतून ऐकलं आणि त्याला हाक मारली.

“लोक मले बाहीर नेते का रे बाबू? नाई नेत ना? मंग बोलू दे त्याईले.”

दुसऱ्या दिवशी वावरातून येताना त्यानं धानाचं पोतं ढेकीजवळ आणून ठेवलं.

लोक बोललेच. ढेकीचा आवाज गावभर जातो. समोरच्या घरचा म्हातारा, माझ्याच वयाचा, दिवसभर चिलीम घेऊन पारावर बसणारा, कुंपणाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, काऊन भाऊ, डेपोतून सुटला आन बायकोच्या हाताखाली लागला का? लुगडं कधी नेसतं? मी म्हटलं, तुह्या बायकोले विचार, ती तुले ढेकीवर तरी घेते का. बायको हसली, पाय चुकला, मुसळ वाकडं पडलं. मला म्हणाली, भांडण करताना पाय थांबवू नका.

असे आम्ही रोज सकाळी ऊन चढेपर्यंत खांद्याला खांदा लावून उभे राहायचो. सांगायला लाज कशाची, लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली होती, पण दिवसाउजेडी एवढा वेळ आम्ही कधी शेजारी शेजारी उभे राहिलो नव्हतो. ती कामाला एकीकडं, मी डेपोत एकीकडं. ढेकीवर तिनं मला कितीतरी गोष्टी सांगितल्या. तिचं माहेर वैनगंगेच्या पलीकडलं. तिकडं लहानपणी तिची आजी ढेकीवर गोंडी गाणी म्हणणाऱ्या बायांसोबत कांडायची, त्यातलं एक गाणं तिला अर्धं येत होतं, अर्थ येत नव्हता. अर्थाशिवायच म्हणायची. मला गाण्यातलं कळत नाही, पण त्या गाण्यात पाय कधी दाबायचा आणि कधी सोडायचा ते कळायचं.

शेजारची बाई तिचं धान घेऊन आली. म्हणाली, गिरणीच्या तांदळाला चव नाही, बाई, माझं एवढं कांडून द्या. बायकोला फार बरं वाटलं. चार महिने लोक तिच्यासाठी करत होते, आता कोणीतरी तिच्याकडं काम घेऊन आलं होतं. त्या दिवशी पोटभर जेवली, आणि वर पाणी मागितलं. मी गडवा भरून दिला.

एक गोष्ट तिनं शोधून काढली. आम्हाला वाटत होतं की मोडलेल्या पायानं ढेकी दाबली की तो पाय सुधारेल. ती म्हणाली, नाही, दाबणं सोपं आहे. खरं काम जमिनीवरच्या पायाचं, सगळं अंग त्याच्यावर तोललेलं असतं. म्हणून ती चांगल्या पायानं दाबायची आणि मोडलेल्या पायावर उभी राहायची. दात आवळून उभी राहायची. थकली की पाय बदलायची, पण लगेच परत त्याच पायावर. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, मी तर नाहीच. मी शेजारी उभा असून मला कळलं नव्हतं.

मग तिनं खाली बसायचं काम हाती घेतलं. उकिडवं बसता आलं नाही तर बाहेर जाऊन उपयोग काय? ढेकीचा खांब धरून ती थोडी खाली जायची आणि वर यायची. दुसऱ्या दिवशी त्याहून थोडी खाली. घोट्यांमधून कटकट आवाज यायचा. उखळाबाहेर तांदूळ उडाले तर सून गोळा करायला धावायची, बायको तिला दटावायची, राहू दे, ते माहे हायेत. मग खांब धरून खाली जायची, दाणे वेचायची, आणि कुठल्या बाजूनं उठलं की कमी दुखतं ते पाहत उठायची. कधी मधेच अडकायची. मी हात पुढं केला की माझ्या हाताकडं असं पाहायची की मी मागं घ्यायचो.

असं वाचून कोणाला वाटेल सगळं सरळ चढत गेलं. तसं नव्हतं. मधे एकदा ती अंगणात गुडघ्यावर आली, गायीच्या दाव्यात पाय अडकला म्हणून. लागलं काही नाही, पण भीती परत आली. तीन-चार दिवस बाजेवरून उठली नाही, भिंतीकडं तोंड करून पडली. मला वाटलं संपलं. मी तिला काही समजावलं नाही, मला समजावता येत नाही. मी सकाळी एकटाच ढेकीवर जाऊन कांडायला लागलो. एकट्याचं कांडणं वाईट. ती असली की मला वेळेवर उतरवून उखळातलं धान सारखं करायला लावायची, आता कोण सांगणार? अर्धे तांदूळ तुटले. तो आवाज ऐकून ती भिंत धरत धरत बाहेर आली आणि म्हणाली, कणी करून राह्यले का सगळी? सरका. गायीचं दावं त्या दिवशी मी कोठ्याच्या पार मागच्या खुंट्याला नेलं.

पळस फुलला होता तेव्हा. जंगलाकडं पाहिलं की लाल दिसायचं. आम्ही कांडत होतो, ती तेच अर्धं गाणं म्हणत होती, आणि मधेच थांबून म्हणाली,

“पाय काढा तुमचा.”

मला वाटलं तिच्या पायाला माझा पाय लागला. मी बाजूला सरकवला.

“सरकवू नका. काढा म्हणतो ना. खाली उतरा.”

मी उतरलो. तिनं बांबू घट्ट धरला, मोडलेला पाय जमिनीवर रोवला, बोटं मुरुमात रुतवली, आणि दुसरा पाय लाकडावर ठेवून अंगाचा सगळा भार दिला. लाकूड आधी हललं नाही. तिच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. मग ते हळूच खाली जायला लागलं आणि पलीकडं मुसळ वर आलं. तिनं तिथंच क्षणभर धरून ठेवलं. मग सोडलं. मी डेपोत मोठमोठी सागाची लाकडं हलताना पाहिली आहेत, एकेका लाकडाला आठ-आठ गडी लागलेले पाहिले आहेत. पण मला सांगा कोणतं जड, तर मी हेच सांगेन. ती म्हणाली, आता धान सारखं करा, उभे काय राह्यले.

त्याच्या नंतरच्या दिवसांतली एक पहाट. अजून नीट उजाडलं नव्हतं, पण वाट दिसत होती. बायको उठली, गडवा भरला. सून उठायला लागली तर तिला हातानं खूण केली, नीज म्हणून. दाराशी मी कुडाला काठी टेकवून ठेवली होती, तेंदूची, चांगली सरळ. एवढे दिवस तिनं तिला हात लावला नव्हता, काठी घेतली की लोक बुढी म्हणतात म्हणे. आता घेतली. मी जागा आहे हे तिला माहीत होतं. माझ्याकडं न पाहता म्हणाली, कुत्र्यासाठी घेतली.

ती निघाली. मी थोडं अंतर ठेवून मागं. वाटेवर सागाची वाळलेली पानं पडली होती, ती पायाखाली सरकतात. ती काठीनं पानं बाजूला सारायची, मग पाऊल टाकायची. चपला घातल्या नव्हत्या, त्या रबरी चपलांवर तिचा पहिल्यापासून विश्वास नव्हता. बोडीच्या पाळीजवळ, म्हणजे बांधाशी, पाण्याचा पाट आहे, त्यावर एक लाकूड आडवं टाकलेलं. सगळ्या बाया त्याच लाकडावरून जातात. पडायच्या आधी ही पण धावत जायची. लाकडापाशी ती थांबली. मी दोन पावलं पुढं सरकलो, कारण मला तिचा स्वभाव माहीत होता. तिनं काठीनं लाकूड हलवून पाहिलं. लाकूड डुगडुगलं. मग ती वळली आणि खालच्या अंगानं लांबचा फेरा घेऊन गेली, जिथं पाट उथळ होता आणि दगड घट्ट होते. मला त्या दिवशीचं सगळ्यात जास्त आवडलं असेल तर हे. लाकडावरून गेली असती तर मी तिला धीट म्हटलं असतं. ती लांबून गेली तेव्हा मला खात्री पटली की ही आता पडायची नाही.

पाळीवर मोहाचं झाड आहे, तिथून पुढं बायांची बाजू. मी थांबलो आणि रीतीप्रमाणं पाठ करून उभा राहिलो. पाठ केल्यावर काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं. पलीकडून बायांच्या बोलण्याचा आवाज येत होता, मग एकीचं हसणं, मग काहीच नाही. ते काहीच नाही फार लांबलं. बसली असेल, आता उठता येत नसेल. खांब नाही, बांबू नाही, तिथं धरायला काय आहे? हाक मारता येत नाही, जाता येत नाही. डेपोत एकदा माझ्या अंगावर लाकूड घरंगळत आलं होतं, तेव्हा इतकी भीती वाटली नव्हती.

मग पावलं आली. बाया परतत होत्या. दोघी-तिघी पुढून गेल्या, मला पाहून पदर सारखा करत, तोंडातल्या तोंडात हसत. शेजारची बाई थांबली आणि मागं वळून मोठ्यानं म्हणाली, बाई, तुमचा सिपाई पहाऱ्यावर उभा हाये.

मागून बायकोचा आवाज आला. दम लागलेला होता, पण आवाज तिचाच, वावरात बायांना हाका मारायची तो.

“घरी जाले सांगा त्याले. बायांच्या वाटेवर काय उभा रायते हा बुढा? लोक काय म्हणन?”

सगळ्या हसल्या. मी एकदाच मान वळवून पाहिलं. रिकामा गडवा बोटाला अडकवलेला, दुसऱ्या हातात काठी, आणि तिला कोणीही धरलेलं नव्हतं. लुगड्याच्या काठाला माती लागली होती, म्हणजे उठताना एकदा गुडघा टेकला असणार. पण उठली होती.

मी खाली मान घालून घराकडं निघालो, शिव्या खाल्लेल्या माणसासारखा, भरभर. मागं बायांचं बोलणं चालू होतं, कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाची पोरगी माहेरी आली. त्या बोलण्यात तिचाही आवाज होता, आणि वाळलेल्या पानांवर काठीचा आणि दोन पायांचा. मला वळून पाहायची बंदी होती. मी पाहिलं नाही.